तीन वर्षांचा उतार

जपानमधील क्योतो शहराच्या पूर्वेला, टेकडीवरच्या एका प्राचीन मंदिराकडून खाली वस्तीत उतरणारा एक दगडी रस्ता आहे. त्याचे नाव सान्नेन्झाका. शब्दशः अर्थ 'तीन वर्षांचा उतार'. या उतारावर जो पडेल त्याला तीन वर्षांत मृत्यू येतो, अशी तिथली जुनी समजूत आहे. अडीच वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, माझे यजमान या उतारावर पडले. अधिक खरे सांगायचे तर ते माझ्यामुळे पडले. त्या एका दिवसाची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. कारण हे पाक्षिक वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातात दुसऱ्या कुणाचा तरी हात असतो, आणि तो कसा धरावा व केव्हा सोडावा, हे मला तिथे, बऱ्याच उशिरा, कळले.

यजमानांना पार्किन्सनचा विकार जडून तेव्हा पाच वर्षे झाली होती. लोकांना या आजारात हाताची थरथर दिसते. घरातल्यांना अधिक छळते ते चालणे. चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मन पुढे निघालेले असते, धडही पुढे झुकलेले असते, पावले मात्र जागची हलत नाहीत. डॉक्टर याला 'फ्रीझिंग' म्हणतात. दाराच्या चौकटीत, अरुंद बोळात, गर्दीत, वळताना आणि घाईच्या वेळी हे हटकून होते. गंमत अशी की असा मनुष्य सपाट फरशीवर अडखळतो आणि जिना मात्र पुष्कळदा व्यवस्थित चढतो-उतरतो. पायरीची कड डोळ्यांना दिसते आणि पाऊल कुठे टाकायचे ते तीच सांगते. घरी आमच्या दिवाणखान्यात जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. पाहुणे विचारतात, नातवंडांच्या खेळासाठी का? यजमान सांगतात, "होय, मीच खेळतो."

जपानला जायचे हे त्यांनी सेवानिवृत्तीच्या आधीपासून ठरवलेले होते. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. त्यांनी केवळ दोन गोष्टी बजावल्या. गोळ्यांची वेळ चुकवू नका आणि यांना घाई करू नका. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे आपल्या सकाळी आठच्या गोळीला तिथे साडेअकरा वाजलेले असतात. तेव्हा दोन गोळ्यांमधले अंतर कायम ठेवून नव्या वेळा कशा बसवायच्या, याचा तक्ता त्यांनी स्वहस्ते करून दिला. तुम्ही परदेशी निघालात तर असा तक्ता डॉक्टरांकडूनच करून घ्या, आपल्या मनाने करू नका. जपानपुरते आणखी एक सांगते. लिहून दिलेली औषधे स्वतःच्या वापरासाठी साधारणतः एक महिन्याची नेता येतात. त्याहून अधिक न्यायची तर आधी परवानगीचे पत्र मागवावे लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर असेल तर ती गोळी तिथे निषिद्ध आहे. घरच्या औषधांच्या डब्यातली मूठभर पाकिटे पिशवीत कोंबून नेण्याची आपली सवय तिथे चालत नाही.

आमचा गट बावीस जणांचा होता, बहुतेक सारे मराठी. क्योतोच्या दिवसासाठी तिथल्याच एक मार्गदर्शक बाई सोबत होत्या. वय साठीच्या पुढे, अंगकाठी बारीक, हातात पिवळे निशाण. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे 'हलके चालणे' असे छापलेले होते. आता मला कुणी विचारले तर मी सांगेन की या दोन शब्दांवर विसंबू नका. पायऱ्या किती, चढ कुठे, बस कुठपर्यंत जाते, बसायला जागा कुठे आणि स्वच्छतागृह किती अंतरावर, हे पाच प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारा. मी विचारले नव्हते. आणि यजमानांच्या आजाराविषयी मी गटात कुणाला काही सांगितलेही नव्हते. 'थोडे सावकाश चालतात' एवढेच म्हटले होते. का, ते पुढे येईलच.

सकाळी आम्ही प्रथम सान्जुसान्गेन्दोला गेलो. गुडघे, पाय वा दम यांपैकी काहीही कुरकुरत असेल त्याने क्योतोत एकच मंदिर पाहावे, आणि ते हे पाहावे, असे माझे मत आहे. लाकडाची एकच लांबलचक वास्तू, सुमारे १२० मीटर. खांबांच्या दरम्यान तेहेतीस गाळे आहेत, म्हणून नाव 'तेहेतीस गाळ्यांचे सभागृह'. आतली जमीन सपाट. पादत्राणे बाहेर काढावी लागतात, आणि म्हाताऱ्या माणसाची खरी परीक्षा तिथेच होते. वाकून नाड्या सोडणाऱ्यांची रांग मागच्यांना थोपवून धरते. यजमानांना मी बिननाडीचे बूट घेतले होते आणि पिशवीत लांब दांड्याचा बूट चढवायचा चमचा होता. थंडीच्या दिवसांत त्या लाकडी जमिनी बर्फासारख्या असतात. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी जाड, तळाला पकड असलेले मोजे घालावेत आणि रात्री खोलीवर तळवे एकदा पाहून घ्यावेत.

आत मंद उजेडात एक हजार एक मूर्ती उभ्या आहेत. कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. मध्यभागी एक बैठी भव्य मूर्ती, दोन्ही बाजूंना पाचपाचशे पुरुषभर उंचीच्या उभ्या, एक तिच्या मागे. बारावे शतक सरता सरता नव्हे, तर त्याच्याही आधी, ११६४ साली हे मंदिर प्रथम बांधले गेले. १२४९च्या आगीत ते जळाले. बाहेर काढून वाचवता आल्या त्या १२४ मूर्ती आजही तिथे आहेत, बाकीच्या पुढच्या काही वर्षांत नव्याने घडवल्या. मधली मोठी मूर्ती १२५४ साली पूर्ण झाली. ती घडवणारा शिल्पकार तान्केई त्या वेळी ब्याऐंशी वर्षांचा होता. मार्गदर्शक बाईंनी हे सांगितले तेव्हा आमच्या गटातले सगळे साठी-सत्तरीचे गुडघे क्षणभर ताठ झाल्याचे मी पाहिले.

ही मूर्ती सहस्रभुज म्हणवते. हात मोजले तर मात्र हजार भरत नाहीत. जोडलेल्या मुख्य दोन हातांखेरीज चाळीस हात आहेत, आणि प्रत्येक हात पंचवीस जगांचे रक्षण करतो असा हिशेब आहे. चाळीस गुणिले पंचवीस, झाले हजार. घरात आजारी माणसाचे करणाऱ्या कोणाही बाईला हा हिशेब परका वाटणार नाही. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात हसले. हे देऊळ बांधवून घेणारे निवृत्त सम्राट गोशिराकावा यांना डोकेदुखीचा जुनाट विकार होता, अशी कथा सांगतात. पूर्वजन्मीच्या त्यांच्या कवटीतून विलोचे झाड उगवले आहे आणि वाऱ्याने ते हलले की डोके दुखते, असे त्यांना स्वप्नात कळले म्हणे. आजही जानेवारीत इथे विलोच्या फांदीने डोक्यावर तीर्थ शिंपडण्याचा विधी होतो आणि डोकेदुखीपासून आराम मागायला लोक येतात. देव निराळे, पण अर्ज त्याच नमुन्याचे.

हजार मूर्तींच्या पुढे अठ्ठावीस रक्षक देवता आहेत, आणि आपल्या माणसाला चकित करतात त्या याच. ब्रह्मा आहे, इंद्र आहे, बासरी वाजवणारा गरुड आहे. आणि हाडांचा सापळा झालेला, काठीवर रेललेला एक म्हातारा आहे. त्याचे नाव बासू. आपला वसू ऋषी. त्याची छाती, गळ्याच्या शिरा, किंचित उघडे तोंड पाहताना त्याचा श्वास ऐकू येतो असे वाटते. यजमान त्याच्यासमोर थबकले, आणि या वेळी पाय चिकटले म्हणून नव्हे. "अगं," ते म्हणाले, "एवढ्या सुंदर देवांमध्ये यालाही जागा दिली आहे." त्या हजार मूर्तींत नीट शोधले तर आपल्याला भेटावेसे वाटणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतो, असे तिथे सांगतात. त्यांना आपल्या आईचा सापडला. मला वेळ मिळाला नाही; पिवळे निशाण दाराशी पोचले होते.

इथून पुढे मी त्या निशाणाची दासी झाले. आता आम्हांला कियोमिझुदेराला जायचे होते. बस खाली थांबते. वर मंदिरापर्यंत दुकानांनी दुतर्फा भरलेला चढ. नोव्हेंबर हा तिथे मेपलची पाने लाल होण्याचा महिना, त्यामुळे गर्दी आपल्या चतुर्थीच्या सिद्धिविनायकासारखी. गट पुढे, आम्ही मागे. प्रत्येक वळणावर वीस माणसे उभी राहून आमची वाट पाहत असत आणि आम्ही पोचताच निघत. म्हणजे विश्रांती सर्वांना मिळे, ज्याला हवी होती त्याला सोडून. कुणी वावगे बोलले नाही. पण एका गृहस्थांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि ते मी पाहिले.

मंदिर पाहून शीण जातो, हे कबूल केले पाहिजे. ७७८ साली त्याची स्थापना झाली असे परंपरा मानते. आजची मुख्य वास्तू १६३३ची. दरीच्या अंगाला तिचा लाकडी सज्जा पुढे आलेला आहे. जमिनीपासून तेरा मीटर उंच, झेल्कोवा वृक्षाच्या प्रचंड खांबांवर तोललेला. खांब-तुळयांच्या सांगाड्यात एकही खिळा नाही. मोठा, धाडसी निर्णय घेण्याला जपानी भाषेत 'कियोमिझूच्या सज्जावरून उडी मारणे' असे म्हणतात. पूर्वी नवस म्हणून लोक खरोखरच उड्या मारत. १८७२ साली त्यावर बंदी आली. खाली ओतोवा नावाचा झरा तीन धारांनी पडतो. लांब दांड्याच्या पळीने त्याचे पाणी पितात, आणि पळ्या निर्जंतुक करण्यासाठी अतिनील किरणांची पेटी तिथेच ठेवलेली असते. तीर्थ आणि आरोग्य यांचा असा मेळ आपल्याकडच्या घाटांवर कधी दिसेल, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

झऱ्याकडे उतरायला पुष्कळ पायऱ्या होत्या. गट उतरला, आम्ही दोघे वरच राहिलो. माझ्या बरोबरीच्या बायका खाली रांगेत उभ्या राहून हसत होत्या, छायाचित्रे काढत होत्या. मी वरून त्यांना पाहत होते, आणि तुमच्यापाशी लपवण्यात अर्थ नाही, मला यजमानांचा राग आला. पाच वर्षे दडवलेला, त्यांचा काहीही दोष नसलेला, लाजिरवाणा राग. त्यांनी तो ओळखला असावा. "तू जाऊन ये," ते म्हणाले. मी म्हटले, "छे, तुम्हांला एकटे कसे सोडू?" या वाक्यात प्रेम किती आणि ठसका किती, हे ज्याने कुणाचे दुखणे काढले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

बाराची गोळी होती. पाणी जवळ होते, गोळी पर्समध्ये होती, मोबाइलचा गजर वाजलाही. गट निघत होता. जेवायला बसू तेव्हा देऊ, असे म्हणून मी गजर बंद केला.

सान्नेन्झाकाच्या माथ्याशी मार्गदर्शक बाईंनी तीन वर्षांची ती समजूत हसत हसत सांगितली. एक दुसरा अर्थही त्यांनी सांगितला. हेच नाव निराळ्या चिनी अक्षरांत लिहिले की त्याचा अर्थ सुखरूप बाळंतपणाशी जुळतो, कारण कियोमिझूजवळच्या कोयासू पॅगोड्याला गरोदर स्त्रिया याच वाटेने नवस बोलायला जात. म्हणजे पावले जपून टाकण्याचा तो इशारा मुळात पोटुश्या बायकांसाठी असावा, असा माझा तर्क. बाकी रस्ता देखणा आहे. दोन्ही बाजूंना कौलारू लाकडी घरे, दर्शनी भाग अरुंद पण आत खोलच खोल. 'वाममाशाचे बिछाने' असे त्यांना विनोदाने म्हणतात. १९७६ साली हा सारा परिसर जुन्या वास्तूंचा संरक्षित भाग म्हणून जाहीर झाला, त्यामुळे मध्येच काचेचा मनोरा उगवलेला नाही. दालचिनीच्या वासाची यात्सुहाशी नावाची मिठाई दुकानादुकानांतून चाखायला देतात. पुण्यातल्या जुन्या पेठा अशा राखता आल्या असत्या, असे मनात येते आणि मग येऊ न दिलेले बरे असे वाटते.

सेहेचाळीस पायऱ्या आहेत. यजमान त्या उत्तम उतरले. तरुणपणी ते आळंदीपासून दिवे घाट ओलांडेपर्यंत पालखीबरोबर चालत असत. आमच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तोच ठेका पावलांना लावायला शिकवला होता. 'ज्ञानबा' म्हणत उजवे, 'तुकाराम' म्हणत डावे. क्योतोच्या दगडांवर, त्या परक्या गर्दीत, माझ्या कानाशी तो हळू गजर चालू होता आणि पावले बरोबर पडत होती. शेवटची पायरी उतरलो. खाली फरसबंद उतार सुरू झाला, गर्दी दाटली, आणि पुढे पिवळे निशाण डावीकडे वळून दिसेनासे झाले.

"अहो, चला ना लवकर," मी म्हटले, आणि त्यांचा हात ओढला.

पाय चिकटलेल्या माणसाला पुढे ओढू नये, हे मला शिकवलेले होते. धड पुढे येते, पाय मागेच राहतात. तसेच झाले. ते गुडघ्यांवर आणि मग तळहातांवर आदळले. क्षणभर आजूबाजूची सारी माणसे दगडासारखी उभी राहिली. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांना किती लागले हा नव्हता. लोक पाहत आहेत हा होता. हे वाक्य मी अडीच वर्षांनी लिहीत आहे आणि अजूनही लिहिताना हात थांबतो.

मार्गदर्शक बाई गर्दीतून उलट्या आल्या. चटकन उचलू पाहणाऱ्या दोन तरुणांना त्यांनी हातानेच अडवले. त्यांनी जे केले ते तुम्ही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रथम त्या यजमानांशेजारी जमिनीवर बसल्या आणि विचारले: डोके आपटले का? कंबर, खुबा, मनगट कुठे असह्य दुखते का? रक्त पातळ होण्याची गोळी घेता का? (ती गोळी घेणाऱ्याचे डोके आपटले असेल तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे लागते.) तिन्ही उत्तरे नकारार्थी आली. तरीही त्यांनी दोन मिनिटे काहीच करू दिले नाही. शेजारच्या दुकानातल्या वृद्ध बाईंनी एक ठेंगणे स्टूल आणून ठेवले. मग यजमान कुशीवर वळले, हात-गुडघ्यांवर आले, स्टुलावर दोन्ही हात रोवले, एक पाऊल पुढे घेतले आणि स्वतःच्या जोरावर उठून बसले. कुणीही त्यांना बगलेतून उचलले नाही. गुडघा खरचटला होता, तळहाताची साल निघाली होती, बस्स.

आता मला सांगावेच लागले. पार्किन्सन, पाच वर्षे, बाराची गोळी राहिली. मार्गदर्शक बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्या इंग्रजीचे मी मराठीत सांगते. "सकाळी सांगितले असते तर मी टॅक्सी वरपर्यंत आणली असती. माझे निशाण सर्वांत मंद माणसासाठी असते. वेगवान लोकांना रस्ता सापडतोच." त्यात रागावणे नव्हते, म्हणून ते अधिक लागले. आजार सांगितला तर लोक कीव करतील, सहलीला ओझे मानतील, पुढच्या वेळी टाळतील, या भीतीने मी तो झाकला होता. यजमानांनी कधीच झाकायला सांगितले नव्हते. लाज माझी होती, आणि तिच्यासाठी पडले ते.

गोळी घेतली. ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर त्या दुकानातच बसायचे ठरले. दुकान होते वाळवलेल्या भोपळ्यांचे. आपल्या बैराग्यांच्या तुंब्यासारखे, पण कमरेत बारीक असलेले भोपळे; काही हातभर, काही करंगळीच्या पेराएवढे. सान्नेन्झाकावर पडलेल्याने असा भोपळा जवळ बाळगला की अरिष्ट टळते, हा त्याच समजुतीचा उत्तरार्ध. दुकानातल्या बाईंनी एक इवलासा, लाल दोऱ्याचा भोपळा यजमानांच्या चांगल्या हातात ठेवला. तीन वर्षांची गोष्ट त्यांना पुन्हा समजावून सांगितली गेली. ते विचारात पडले आणि म्हणाले, "तीन वर्षे नक्की का? आमचे डॉक्टर एवढी हमी देत नाहीत." मार्गदर्शक बाईंनी भाषांतर केले. दुकानातल्या बाई तोंडावर हात घेऊन इतक्या हसल्या की मलाही हसू आले, आणि हसता हसता रडू.

दुपारनंतरचा कार्यक्रम निराळा झाला. जेवण करून, पिवळ्या निशाणामागे पण या वेळी अगदी पहिल्या रांगेत, आम्ही निनेन्झाकाच्या सतरा पायऱ्या उतरून खालच्या सपाट रस्त्यावर आलो. गटाचा वेग आता यजमान ठरवत होते. सकाळी घड्याळ पाहणारे गृहस्थ त्यांच्या बाजूने 'ज्ञानबा-तुकाराम' म्हणत चालत होते. त्यांच्याही आईला हाच आजार होता, हे त्यांनी तेव्हा सांगितले. वर कोदाईजी मंदिराकडे दगडी पायऱ्या जात होत्या. यजमान खालच्या बाकावर बसले, भोपळा खिशात, पाण्याची बाटली शेजारी, आणि म्हणाले, "तू जा. मी कुठेही जात नाही."

मी गेले. पाच वर्षांत प्रथमच माझ्या हातात कुणाचा हात नव्हता. पायऱ्या चढताना तो रिकामा हात कुठे ठेवावा ते मला कळेना.

कोदाईजी हे मंदिर नेने नावाच्या स्त्रीने आपल्या पतीच्या स्मरणार्थ १६०६ साली उभारले. पती म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी, सामान्य घरातून वर येऊन सारा जपान एका छत्राखाली आणणारा सेनानी. त्याचे रणचिन्ह भोपळा होते, हे ऐकून मी चमकले. १५९८ साली तो गेला. नेने संन्यासिनी झाली आणि १६२४पर्यंत जगली. स्मृतिमंदिरात दोघांच्याही लाकडी मूर्ती आहेत आणि तिच्या मूर्तीखालीच तिला पुरलेले आहे. सोन्याच्या भुकटीने लाखेवर काढलेली तिथली वेलबुट्टी जगप्रसिद्ध आहे. मी ती फारशी पाहिली नाही. तळ्याकाठच्या एका दगडाशी उभी राहून मी नेनेचा विचार करत होते. पतीमागे सव्वीस वर्षे. त्या वर्षांत तिने बाग लावली, चहाची दालने बांधली, माणसे गोळा केली. माझ्यापुढेही अशी वर्षे असू शकतील, हा विचार मी पाच वर्षांत एकदाही करू दिला नव्हता. तो तिथे आला, शांतपणे बसला, आणि मला अपराधी वाटले नाही. हे नवे होते.

पंचवीस मिनिटांनी खाली आले तेव्हा यजमान बाकावर एकटे नव्हते. एक जपानी आजोबा शेजारी बसले होते. दोघांची एक भाषा नव्हती. ते एकमेकांना औषधांच्या डब्या दाखवत होते. आजोबांच्या डबीत आठवड्याचे सात कप्पे, आमच्या डबीत दिवसाचे पाच. "यांच्या गोळ्या रंगीत आहेत," यजमान किंचित हेव्याने म्हणाले.

गिओनच्या जुन्या गल्ल्या आम्ही टॅक्सीतून पाहिल्या. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दोघांनाही झोप आली होती. खोलीवर गेल्यावर मी त्यांचा तळहात धुतला, मलम लावले आणि झाले ते सांगितले. लोक पाहत आहेत, हा पहिला विचार आला होता तेसुद्धा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू दमलीस." एवढेच.

परत आल्यापासून आठवड्यातली एक दुपार माझी असते. त्या वेळी यजमानांपाशी शेजारचा एक महाविद्यालयीन मुलगा येऊन बसतो. दोघे बुद्धिबळ खेळतात आणि मुलगा हरतो. मी कधी ग्रंथालयात जाते, कधी नुसतीच कालव्याकाठी चालते. आजार वाढला आहे. बाराच्या गोळीच्या जोडीला आता साडेदहाचीही आली आहे. लाल दोऱ्याचा भोपळा औषधांच्या कपाटाच्या कडीला टांगलेला असतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यजमान दिनदर्शिकेचे पान उलटतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि मला आत हाक मारून सांगतात, "अगं, अजून सहा राहिले." गेल्या महिन्यात सात होते. परवा फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारले, सहा महिने झाल्यावर काय करणार? ते म्हणाले, "पुन्हा जाऊन पडून येणार. आणखी तीन मिळतील."